अडेनाबाईसमोरची जागा

त्या राज्यात पोथी कागदावर लिहिलेली नव्हती. पोथीतली अक्षरं म्हणजे जितीजागती माणसं होती, आणि ती दोन रांगांत समोरासमोर, एकमेकांचा हात धरून उभी होती. रांगा गोल जिन्यासारख्या वळत वळत वर गेल्या होत्या. प्रत्येकाच्या कमरेला आपापल्या रांगेचा दोर होता आणि जिन्याखाली खोल डोह होता. नाकाला बाक किती असावा, खरचटलं तर खपली किती दिवसांनी धरावी, भूक लागल्यावर पोटानं कुठल्या सुरात गुरगुरावं, हे सगळं त्या अक्षरांत कुणाच्या शेजारी कोण उभं आहे यावरून ठरायचं. उभं राहणं एवढंच त्यांचं काम. पण त्या कामाचा मान असा, की काही विचारू नका.

घराणी चार होती. अडेना, थिमाजी, गुणाजी आणि सितोबा. एका घराण्यातल्या सगळ्यांचं नाव एकच आणि तोंडवळाही एकच, त्यामुळे बारशाला नाव शोधण्याची कटकट नव्हती. अडेनाच्या हातात थिमाजीचा हात बसायचा, दोन बोटांच्या पकडीनं. गुणाजी आणि सितोबा एकमेकांना तीन बोटांनी धरायचे, आणि त्या एका जादा बोटाचा त्यांना भारी तोरा होता. बाकी कुणाचा हात कुणाच्या हातात नीट बसतच नसे. त्यामुळे पत्रिका नाही, मध्यस्थ नाही, मानपान नाही. हात जुळला की जन्माची गाठ पडली.

थिमाजी घराण्याला मात्र एक गोष्ट जास्तीची मिळाली होती. त्यांच्या डोक्याला फेटा असायचा. जिन्याच्या तिसऱ्या कमानीखाली उभे असलेले थिमाजीराव तर त्या फेट्यावर माशीसुद्धा बसू देत नसत. "हा फेटा आमच्या रक्तात आहे," असं ते येताजाता सांगायचे. खरं तर येणंजाणं त्यांना कुठलं, ते उभे होते तिथेच उभे होते. पण सांगण्याची हौस दांडगी. त्यांच्यासमोर अडेनाबाई होती. तिनं आयुष्यभर त्यांचा हात धरला होता आणि आयुष्यभर फेट्याचं कौतुक ऐकलं होतं. दोन्हींची तिला सवय झाली होती, आणि हाताची जरा जास्त झाली होती.

वेशीबाहेर उरसू नावाचे लोक राहायचे. निरोप पोचवणं हे त्यांचं काम. पोथी जागची हलवायची नाही असा दंडक होता, त्यामुळे नाक, खपली असल्या वस्तू घडवणाऱ्या कारखान्याला काही कळवायचं असलं की पोथीचा तेवढाच भाग उघडत. थिमाजीराव नाखुशीनं हात सोडायचे, थोडे बाजूला सरायचे, आणि अडेनाबाईसमोर एक उरसू येऊन उभा राहायचा. तिचा हात धरून खूण घ्यायचा आणि इतर निरोप्यांच्या माळेत मिसळून बाहेर जायचा. कारखान्यात ती माळ वाचत, काम उरकत आणि माळ मोडून टाकत. दुसऱ्या सकाळी नवा निरोप असायचा. उरसूचं डोकं बोडकं असायचं. एरवी तो अंगापिंडानं थेट थिमाजीसारखाच होता. पण ते दिसायला बघणाऱ्याची नजर फेट्याच्या खाली उतरायला हवी ना!

तिसऱ्या कमानीला येणारा उरसू बहुधा एकच असायचा. अडेनाबाईचा हात त्याच्या हातात असायचा तो वेळ पापणी लवण्याइतका. तो त्याला पुरत नसे. एके दिवशी त्यानं सरळ सांगून टाकलं.

"बाई, एकदा तरी अख्खा दिवस इथे उभं राहावंसं वाटतं."

"पाय भरून येतात रे," अडेनाबाई हसून म्हणाली.

"येऊ देत की."

थिमाजीराव खाकरले. उरसू खूण घेऊन निघून गेला, आणि त्या दिवशी कारखान्यात निरोप जरा उशिरा पोचला.

पोथीत बोडक्यानं वस्ती करायची नाही, असा नियम होता. तो कुणी उगाच केला नव्हता, हे सांगायला हवं. सितोबा घराण्यातल्या प्रत्येकाच्या कानात एक भिकबाळी असायची. डोहाच्या दमट हवेनं ती कधी कधी गळून पडायची, आणि भिकबाळी गेलेला सितोबा हुबेहूब उरसूसारखा दिसायचा. नुसता दिसून थांबला असता तर एक वेळ ठीक होतं. पण वाचणारेही त्याला उरसूच समजायचे आणि कारखान्यात भलताच निरोप जायचा. एकदा अशा एका सितोबापायी बोटांना नखांच्या जागी केस उगवले. पुढचे कित्येक दिवस राज्याला धड पाठ खाजवता आली नाही.

तेव्हापासून उपटेमामांची नेमणूक झाली. मामांच्या हातात लांब दांड्याचा चिमटा होता आणि डोक्यात एकच हिशेब. अडेना आणि गुणाजी अंगानंच ऐसपैस, त्यांची शंकाच नको. फेटा दिसला, पुढे चला. भिकबाळी दिसली, पुढे चला. बोडकं आणि बुच्चं कुणी दिसलं, की चिमटा लावायचा आणि उपटायचं. तो भिकबाळी गळलेला सितोबा आहे की कुणी साधाभोळा उरसू चुकून आत राहिलाय, हे मामांना ओळखता येत नसे. ओळखायची गरजही त्यांना वाटत नसे. "सुक्याबरोबर ओलंही जळतं," असं म्हणून ते जेवायला जायचे.

मग राज्याच्या वाटणीचा दिवस आला. एका राज्याची दोन व्हायची होती आणि दोघांनाही सारखीच पोथी द्यायची होती. भाऊबंदकी नको म्हणून फार पूर्वीच पद्धत घालून दिलेली होती. दोन्ही रांगांनी एकमेकांचे हात सोडायचे, वेगळं व्हायचं, आणि प्रत्येक जुन्या रांगेसमोर बाहेरून माणसं आणून नवी रांग उभी करायची. म्हणजे एका जिन्याचे दोन जिने झाले. दोन्ही इतके सारखे, की कुठला कुठला हे जिन्यालाही सांगता येऊ नये.

"येतो गं," हात सोडताना थिमाजीराव म्हणाले. त्यांना पुढे काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांना बोलायची सवय फक्त फेट्याबद्दल होती.

"फेटा सांभाळा," अडेनाबाई म्हणाली.

नवी रांग बसवायचं काम पोळाजी मुकादमाकडे होतं. पोळाजी डोक्याकडे बघत नसे. समोरच्याचा हात आणि आलेल्याचा हात जुळतो का, तेवढं तो बघायचा. जुळला की कमरेला दोर बांधून मोकळा व्हायचा. आता एवढे नवे थिमाजी दर वाटणीला येतात कुठून, याचा पोथीतल्या कुणी कधी विचार केला नव्हता. ते वेशीवरच्या फोलाबाईंना ठाऊक होतं. फोलाबाई फेटे बांधायच्या. फेट्याचं कापड पालेभाजीच्या शिरांतून काढलेल्या सुताचं असायचं, आणि त्या वर्षी राज्यात पालेभाजीची एक जुडीही आली नव्हती. "तळलेल्याशिवाय दुसरं काही गिळवत नाही मेल्यांना," असं म्हणून फोलाबाईंनी दुकानाला फळ्या लावल्या होत्या.

पोळाजीला थिमाजींच्या जागी माणसं हवी होती. दाराशी निरोपाची वाट बघत उरसू उभे होते.

"हात दाखव," पोळाजी म्हणाला.

उरसूनं हात दाखवला.

"जुळेल. चल."

असा तो उरसू तिसऱ्या कमानीखाली, अडेनाबाईसमोर, कमरेला दोर बांधून उभा राहिला. हातात हात बसला आणि या खेपेला कुणी चला म्हणालं नाही. उरसूला रडू आलं. ते लपवायला दुसरा हात मोकळा होता, पण त्याला ते सुचलंच नाही.

"अरे, तूच का!" अडेनाबाई म्हणाली. "मघाशीच ओळखला मी हात."

"आता जायचं नाही मला," उरसू म्हणाला.

"मग नको ना जाऊस."

पलीकडच्या जिन्यावर, फेट्याच्या शेवाइतक्या अंतरावर, थिमाजीराव उभे होते. त्यांच्यासमोरही एक नवी कोरी अडेना आली होती. तिनं आल्या आल्या फेट्याचं कौतुक केलं. पण थिमाजीरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. जन्मभर आपण धरलेला हात आता एका बोडक्या निरोप्याच्या हातात आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मामा! ओ मामा! डोळे आहेत की बटणं? इकडे बोडका बसलाय बोडका!"

मामा आले. त्यांनी डोकं पाहिलं, चिमटा लावला आणि उरसूला उपटून दाराबाहेर ठेवलं. उरसू "मामा, माझं काय चुकलं" एवढं म्हणाला, पण ते विचारायची जागा वेशीबाहेर होती. अडेनाबाईचा हात तसाच पुढे राहिला, रिकामा.

थोड्या वेळानं पोळाजी फेरी मारत आला. पाहतो तो जागा मोकळी! "कुणाचं काम अर्धवट राहिलंय?" म्हणून तो दाराकडे ओरडला आणि दाराशी उभा असलेला पुढचा माणूस आणून बसवला. तोही अर्थात उरसूच होता. मागून मामा आले आणि त्यांनी त्यालाही उपटला. त्यामागून पोळाजीनं तिसरा बसवला, मामांनी तो काढला, आणि सगळ्या जिन्यावर जिथे जिथे अडेना होती तिथे हाच उद्योग सुरू झाला. पोळाजी बसवायचा, मामा उपटायचे. दोघंही कामाला वाघ. एकमेकांना भेटले की दोघंही घाम पुसत म्हणायचे, "काय सांगू, आज श्वास घ्यायला फुरसत नाही." कुणाचंच काही चुकत नव्हतं, दोघंही नियमानं वागत होते. आणि सात पायऱ्या वर एक खराखुरा सितोबा भिकबाळी गळून गुणाजीसमोर उभा होता. तिथवर पोचायला मामांना सवड नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

थिमाजीरावांना सुरुवातीला गंमत वाटली. पहिला उपटला तेव्हा ते हसले, दुसऱ्याला गालातल्या गालात हसले. मग त्यांना दिसलं, की प्रत्येक वेळी माणूस उपटला की त्याच्या कमरेजवळचा दोर थोडा उसवतो. नवा दोर जागोजागी विरू लागला होता. आता बसवलेला उरसू हा पुन्हा तोच पहिला होता; दाराशी रांग फिरून त्याचा नंबर परत लागला होता. तो येऊन अडेनाबाईचा हात धरतो न धरतो, तोच त्याच्या वरच्या बाजूचा दोर ताडकन तुटला. सगळा भार समोरच्या जुन्या दोरावर आला. तो अडेनाबाईच्या कमरेचा दोर. त्याचा पीळ सावकाश सुटू लागला. खाली डोह होता, आणि डोहात पडलेलं अक्षर कुणी पुन्हा पाहिलेलं नव्हतं. तिसरी कमान गेली असती तर तिच्यामागून पुढचा अख्खा जिना गेला असता.

"अहो," अडेनाबाईनं पलीकडे हाक मारली, "मला भीती वाटतेय हो."

असं ती आजवर कधी म्हणाली नव्हती. थिमाजीरावांनी वेशीकडे तोंड करून जीव खाऊन आरोळी ठोकली, "फोलाबाई! एक फेटा! एकच द्या, याच्या डोक्याला बांधा, म्हणजे तो चिमटेवाला तरी थांबेल!"

फोलाबाई कमरेवर हात ठेवून वेशीच्या भिंतीपाशी आल्या. "कापडच नाही तर बांधू काय? माझं कपाळ?"

"आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही!"

"घराणं!" फोलाबाई म्हणाल्या. "अहो राव, तुम्ही दारात आलात तेव्हा तुमच्या डोक्यावर तरी काय होतं? ह्याच्यासारखंच बोडकं. मीच बांधला की. घट्ट होतंय, घट्ट होतंय म्हणून केवढं भोकाड पसरलं होतंत! विसरलात?"

नव्या अडेनेनं थिमाजीरावांकडे पाहिलं, आणि त्यांनी नजर चुकवली. खरं म्हणजे ते विसरले नव्हते. ते त्यांनी फार नेटानं विसरून ठेवलं होतं.

पलीकडे दोर करकरला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. थिमाजीरावांनी मात्र त्या दिवशी आपला पीळ आपल्या हातानं सोडला. फेट्याचा शेव धरला आणि घेर उलगडत गेले, उलगडत गेले. एक टोक स्वतःच्या कमरेला आवळलं, दुसऱ्या टोकाचा बोळा करून पलीकडे फेकला.

"झेल रे!"

उरसूनं मोकळ्या हातानं तो झेलला. तुटलेला दोर आणि अडेनाबाईचा सुटत चाललेला दोर, दोन्ही एकत्र घेऊन त्यानं त्यांवर फेट्याचे वेढे घातले आणि दातांनी गाठ ओढली. अडेनाबाई एक हिसका खाऊन थांबली. सगळा जिना थरथरला आणि थांबला.

नेमके त्याच वेळी मामा आले. इकडे बघतात तो बोडका, तिकडे बघतात तो बोडका. जवळचा कोण, तर थिमाजीराव. मामांनी त्यांनाच चिमटा लावला.

"अहो मामा, मी थिमाजीराव!"

"सगळे असंच म्हणतात," मामा म्हणाले. खरं तर आजवर असं कुणीच म्हणालं नव्हतं, पण हे वाक्य वापरायची मामांची फार दिवसांची इच्छा होती.

थिमाजीरावांचे पाय जागचे सुटू लागले. फेट्याचं कापड ताणलं, आणि पलीकडची गाठ सरकली.

"मामा, चिमटा सोडा!" अडेनाबाई ओरडली. "त्यांना ओढलंत तर मी गेलेच, आणि मी गेले तर तुमचा जिना गेला! मग कुणाला उपटत बसणार आहात?"

"अहो बाई, पण बोडका आहे हो हा. नियम आहे."

"डोकं काय घेऊन बसलात मेलं! जरा हात बघा ना एकदा!"

मामांनी आयुष्यात कुणाचा हात पाहिला नव्हता. ते चिमटा तसाच धरून वाकले. नव्या अडेनेची दोन बोटं आणि थिमाजीरावांची दोन बोटं एकमेकांत घट्ट बसली होती. फट नव्हती. मामांनी चिमटा ढिला केला आणि पलीकडच्या जिन्यावर जाऊन पुन्हा वाकले. अडेनाबाईची दोन बोटं, उरसूची दोन बोटं. तिथेही फट नव्हती. मामांनी आपली टोपी काढून डोकं खाजवलं. मग ते वर चढू लागले, प्रत्येक पायरीवर वाकत आणि हात बघत, गुडघे धरून कण्हत. एक बोडका, अडेनेचा हात, ठीक. दुसरा बोडका, अडेनेचा हात, ठीक. सातव्या पायरीवर एका बोडक्याचा हात गुणाजीच्या हातात होता, आणि गुणाजीचं तिसरं बोट बिचारं धरायला काही न मिळून हवेत वळवळत होतं.

"कधीचा ओरडतोय मी," गुणाजी म्हणाला, "पण इथे ऐकतंय कोण!"

मामांनी त्या एकाला अलगद उचललं. त्याच्या जागी भिकबाळी घातलेला सितोबा आला, आणि तीन बोटं तीन बोटांत बसली. त्यानंतर मामांनी त्या दिवशी दुसरं कुणालाच उपटलं नाही. पोळाजीला दिवसभर काही काम उरलं नाही, तेव्हा तो मामांची तब्येत विचारायला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा नेहमीप्रमाणे फेरीला निघाले. रोज तिसऱ्या कमानीपाशी थांबून थिमाजीरावांना मुजरा करायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. आज तिथे दोन जिने होते. दोन जिन्यांच्या मध्ये फेट्याचं कापड ताणलेलं होतं आणि त्याच्या दोन टोकांना दोन बोडकी डोकी होती. मामांनी या तोंडाकडे पाहिलं. मग त्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा या तोंडाकडे पाहिलं. दोघांपैकी कुणीही खाकरलं नाही. अडेनाबाई नुसती बघत राहिली. शेवटी मामांनी चिमटा डाव्या हातात घेतला, इकडे कमरेत वाकून मुजरा केला, आणि चुकायला नको म्हणून तेवढंच वाकून तिकडेही केला.